कोल्हापूरची पंचगंगा नदी सरळ न वाहता एवढी वळणं का घेते?

कारण तिला उतार फार कमी आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीतून जोरात उतरतात, पण प्रयाग चिखलीला पंचगंगा होऊन पुढं निघाल्यावर जमीन जवळजवळ सपाट. (पाचवी सरस्वती गुप्त, असं आपल्याकडं मानतात.) सपाट जमिनीत पाणी जरा एका बाजूला कललं की बाहेरच्या काठावर वेग वाढतो आणि तो काठ कातरला जातो. आतल्या बाजूला पाणी मंद, तिथं गाळ बसतो. म्हणजे वळण स्वतःच स्वतःला वाढवत नेतं.

पावसाळा ओसरल्यावर कुठल्याही वळणावर जाऊन बघा. एका काठाला उभी कड, उसाची मुळं हवेत लोंबताहेत; समोर मऊ गाळाचा उतार, त्यावर बगळ्यांची पावलं.

संगमाचं एक महत्त्वाचं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की हिचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. शिरोळकडच्या गावांत पाऊस थांबला तरी पूर उतरत नाही, तो यामुळंच. म्हणून पुराच्या दिवसांत फक्त कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघू नका, कृष्णेचीही बघा.