काम मागितल्याची तारीख आधी कागदावर आणा

ताई, तुमची पोस्ट वाचली. आई आणि वहिनी दिवाळीपासून रोजगार हमीचं काम मागतायत, ग्रामपंचायतीत 'काम निघालं की सांगतो' एवढंच ऐकायला मिळतंय आणि ऑनलाइन बघावं तर घराच्या नावावर मागणीच नाही. आमच्या घरात अगदी हेच झालं होतं, म्हणून लांबलचक लिहिते. जॉब कार्ड, ई-केवायसी झालेलं असेल असं धरून चालते.

तुमच्या पोस्टमधली खरी गोम 'मागणी नाही' या दोन शब्दांत आहे. आमच्या तालुक्याच्या एका कार्यालयात रीतच पडली होती: मजूर काम मागायला आला की तोंडी ऐकून घ्यायचं, पोच द्यायची नाही. पुढे कधी काम मंजूर झालं, मस्टर म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक काढायची वेळ आली, की त्या दिवशी मागणी भरायची. म्हणजे मागणी आणि काम यांची तारीख जवळजवळ एकच, आणि कागदावर उशीर शून्य. आम्ही पोच मागितली तर 'आधी काम येऊ द्या, मग अर्ज घेऊ' म्हणाले. तो उन्हाळा असाच गेला. पावसाळ्यात दिरांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली, दीर-जाऊ कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला गेले आणि पोरांची शाळा सुटली. हे मी अजून विसरले नाही.

असं का करतात तेही समजून घ्या. मागणीपासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो: पहिले ३० दिवस मजुरीचा पाव हिस्सा, त्यानंतर निम्मा. २०२५-२६चा महाराष्ट्राचा मजुरीचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे दिवसाला ७८ आणि पुढे १५६. मनरेगात, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीत, १०० दिवसांची अकुशल मजुरी केंद्र देत आलं, पण हा भत्ता राज्याच्या खिशातून जातो. मग तारीख न नोंदवणं कुणाच्या सोयीचं, ते सांगायला नको. माझं ठाम मत आहे की काम नाकारण्यापेक्षा मागणी न नोंदवणं हा मोठा अन्याय आहे, कारण त्यानंतर तक्रारीला जागाच उरत नाही.

आता करायचं काय? आई-वहिनी दोघींनीच जाऊ नये. आळीतल्या आणखी बायकांना घेऊन एकत्र अर्ज द्या, सामूहिक अर्ज चालतो. नमुना ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज भरा, कधीपासून आणि किती दिवस काम हवं ते लिहा. सलग १४ दिवसांपेक्षा कमी मागू नका. तिथेच तारखेची पोच, म्हणजे नमुना ५, मागा. ग्रामपंचायतीतला रोजगार सेवक नाही म्हणाला तर वाद घालू नका, अर्ज थेट तहसीलदारांकडे द्या, तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी तेच असतात. तिथल्या आवक शाखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. तेही जमलं नाही तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. पोच हातात नसेल तर मी तरी कार्यालयाची पायरी उतरणार नाही.

मी वकील नाही, आणि सध्या नियमही हलतायत. डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला: १०० ऐवजी १२५ दिवस, खर्चात आपल्यासारख्या राज्याचा ४० टक्के वाटा, शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवस काम थांबवायची तरतूद. त्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणता नमुना चालू आहे ते विचारून घ्या. सगळीकडे चर्चा १०० की १२५ याचीच चालू आहे. मागणीच नोंदली गेली नाही तर १२५ काय आणि २०० काय! आपल्याकडे १९७७चा राज्याचा स्वतःचा रोजगार हमी कायदा आहे. वि. स. पागेंनी धरलेला आग्रह आणि ७२च्या दुष्काळाचा अनुभव त्यामागे आहे. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. केंद्राचा २००५चा कायदा आल्यावरही आपण तो दुरुस्त करून ठेवला, आणि १०० दिवसांपुढच्या कामाची जबाबदारी राज्यानं घेतली. आता पुन्हा दुरुस्ती करायची वेळ येईल तेव्हा एकच कलम नीट लिहा म्हणावं: मजुराला स्वतःच्या मोबाइलवरून मागणी नोंदवता यावी आणि ती तारीख कुणालाही बदलता येऊ नये. आमदारांना निवेदन देणार असाल तर हाच मुद्दा घाला.

जाता जाता एक. काम मिळून पैसे आले नाहीत तर लगेच रोजगार सेवकावर चिडू नका. मजुरी आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. लाडकी बहीणसाठी पुष्कळ बायकांनी नवं खातं काढलं, आणि रोजगार हमीचे पैसे तिकडे पडून राहिले. त्या खात्याचं पासबुक आधी भरून बघा. त्यातही नसतील तर मस्टर बंद झाल्याची तारीख काढा. १५ दिवसांपुढे रोज ०.०५ टक्के विलंब भरपाई देय असते. रक्कम किरकोळ आहे, पण लेखी मागितली की रखडलेली मजुरी हलते, हा माझा अनुभव. तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं.

अर्ज दिलात की कुणी काय उत्तर दिलं ते इथे लिहा. पोच नाकारली तर तक्रारीचा मसुदा मी लिहून देते, फक्त अर्ज नेल्याची तारीख आणि सोबत कोण होतं तेवढं टिपून ठेवा.