लेव्हल ४२ हा ब्रिटिश जॅझ-फंक (जॅझ आणि ठेकेदार फंक यांचं मिश्रण) बँड पॉपच्या नादी लागून बिघडला का?

नाही, मला अजिबात तसं वाटत नाही. १९८१चा पहिला अल्बम आणि १९८७चा 'रनिंग इन द फॅमिली' लागोपाठ लावा आणि गाणं बाजूला ठेवून फक्त बेस गिटारकडे कान द्या. वाजवणारा हात तोच आहे.

तो हात मार्क किंगचा. मार्क मूळचा ड्रमर. पण बँडमधला फिल गूल्डही ड्रमरच, त्यामुळे फिल ड्रम्सवर बसला आणि मार्कने बेस घेतली. लंडनमध्ये वाद्यांच्या दुकानात काम करता करता तो स्लॅप ही बेस वाजवण्याची पद्धत शिकला. उजवा अंगठा तारेवर आपटतो, बोट तार ओढून सोडतं आणि मधल्या फटीत डावा हात तारांवर नुसती थाप देतो. तिला सूर नसतो, फक्त 'टक' असा आवाज. मी बेस वाजवतो. त्यांचं 'हॉट वॉटर' हे गाणं बसवताना उजवा हात लवकर जमला, ती डाव्या हाताची थाप यायला मात्र कित्येक महिने गेले. ड्रम वाजवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, असं माझं ठाम मत आहे.

१९८३ साली 'द सन गोज डाउन' ब्रिटनमध्ये पहिल्या दहात आलं. मग १९८५चा 'वर्ल्ड मशीन'. त्यातलं 'समथिंग अबाउट यू' अमेरिकेत ७व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पुढच्याच वर्षी 'लेसन्स इन लव्ह' ब्रिटनमध्ये ३ऱ्या. इथे चाली सोप्या झाल्या, हे खरं. पण कीबोर्ड वाजवणाऱ्या माइक लिंडपचा तो वरच्या पट्टीतला आवाज आणि खाली धावणारी बेस, हे दोन्ही शाबूत होतं.

या यशाची किंमत मात्र मोठी होती. पॉपकडे झुकणं फिलला पटत नव्हतं, सततच्या दौऱ्यांनी त्याचा गिटारवादक भाऊ बून थकला होता. १९८७च्या अखेरीस दोघं बाहेर पडले. नवा गिटारवादक अ‍ॅलन मर्फी १९८९मध्ये एड्सने गेला. १९९४ला बँड थांबला, २०००नंतर मार्कने तो पुन्हा उभा केला. बून २०१९ साली गेला. त्याच्या गिटारबद्दल फार कमी लिहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही नव्याने ऐकणार असाल तर 'हॉट वॉटर'पासून सुरू करा, आणि हेडफोन लावूनच. मोबाइलच्या स्पीकरवर ती थाप ऐकूच येत नाही.