पगाराची जागा कर्जाने घेतली

तुम्ही विचारलं आहे की आर्थिक संकटं नेमकी कशामुळे येतात आणि प्रत्येक वेळी मध्यमवर्गच का खचतो. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे मी याकडे हप्ता भरणाऱ्याच्या बाजूने बघतो. उदाहरण अमेरिकेतल्या २००८ च्या संकटाचं घेतो, कारण त्याची चिरफाड सगळ्यात नीट झाली आहे.

आधी पगाराचं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीस-तीस वर्षं अमेरिकेत उत्पादकता आणि साध्या कामगाराचं वेतन बरोबरीने वाढत होतं. १९७० च्या दशकात ही जोडी फुटली. माल जास्त निघत राहिला, पण महागाई वजा केली तर पगार जेमतेम हलला. कामगार संघटनांचा जोर ओसरला. १९८३ मध्ये २० टक्के नोकरदार संघटनेत होते, आता १० टक्क्यांच्या आसपास आहेत. २००० ते २०१० या काळात कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७२ लाखांवरून १ कोटी १५ लाखांवर आल्या. काही यंत्रांनी खाल्ल्या, काही स्वस्त आयातीने, आणि शेवटच्या काही मंदीने. घर, मुलांचं कॉलेज आणि दवाखाना यांचा खर्च मात्र पगाराला मागे टाकून वाढत गेला.

अशा वेळी कुटुंब काय करतं? आधी नवरा-बायको दोघंही नोकरीला लागतात, मग शिलकीला हात घालतात, आणि तेही पुरेना की कर्ज काढतात. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी हा धागा नेमका पकडला आहे. लोकांचं उत्पन्न वाढवणं सत्ताधाऱ्यांना अवघड आणि वेळखाऊ होतं, कर्ज सोपं करून देणं लगेच जमण्यासारखं होतं. २००३ मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर १ टक्क्यावर आणला होता, त्यामुळे पैसाही स्वस्त होता.

मला सगळ्यात जास्त छळणारा भाग पुढचा आहे. प्रकरण मंजूर करताना आम्ही पगारपत्रक बघतो, आधीचे हप्ते बघतो, तारणाची किंमत बघतो, कारण कर्ज बुडालं तर ते आमच्याच खात्यात बुडतं. तिथे ही भीतीच संपली होती. कर्ज दिलं की ते पुढे विकायचं. अशा हजारो कर्जांची मोट बांधून रोखे काढायचे. पतमानांकन संस्था, म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका जोखणाऱ्या कंपन्या, त्यातल्या वरच्या थरांना (ज्यांना वसुलीचे पैसे आधी मिळायचे) सर्वोच्च दर्जा द्यायच्या आणि जगभरचे गुंतवणूकदार ते विकत घ्यायचे. कर्ज वाटणाऱ्याची कमाई प्रकरणांच्या संख्येवर ठरायची, वसुलीवर नाही. मग उत्पन्नाचा पुरावा कोण मागणार?

त्या काळी खूप खपलेला एक प्रकार घ्या. पहिली दोन वर्षं ठरावीक व्याज, नंतर बदलतं. समजा २,००,००० डॉलर, मुदत ३० वर्षं, सुरुवातीला ७ टक्के. हप्ता साधारण १,३३० डॉलर. दोन वर्षांनी दर १० टक्के झाला की हप्ता १,७४० च्या आसपास जातो. पगार होता तिथेच. घराची किंमत वाढती असेपर्यंत जुनं कर्ज फेडून नवं काढता यायचं. २००६ मध्ये किमती थांबल्या आणि हा मार्ग बंद झाला.

मोठ्या संस्थांचं गणितही तसंच होतं. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेकडे स्वतःच्या एका डॉलरमागे तीसेक डॉलरची मालमत्ता होती. म्हणजे मालमत्तेची किंमत तीन-चार टक्क्यांनी पडली की स्वतःचं भांडवल साफ. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमनने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी फेडरल रिझर्व्हने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देऊ केलं. ते दिलं नसतं तर पडझड आणखी भयंकर झाली असती, हे मी मानतो. पण ज्याचा हप्ता थकला होता त्याच्यासाठी तशी घाई कोणी केली नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

मध्यमवर्ग मागे पडला तो इथे. श्रीमंतांची संपत्ती बरीचशी शेअर्समध्ये असते, मध्यमवर्गाची राहत्या घरात, आणि तेही कर्जाचं. दहा टक्के स्वतःचे घालून घेतलेलं घर दहा टक्क्यांनी उतरलं की आयुष्याची पुंजी शून्य. देशभरात घरं सरासरी चौथ्या हिश्शाहून जास्त उतरली. शेअर बाजार २०१३ मध्ये जुन्या उच्चांकाच्या वर गेला, घरांच्या सरासरी किमतींना त्यासाठी २०१६ उजाडलं. मधल्या काळात, ऑक्टोबर २००९ मध्ये, बेकारी १० टक्क्यांवर पोचली होती.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार १९७१ मध्ये ६१ टक्के प्रौढ मध्यम उत्पन्न गटात होते, २०२१ मध्ये ५० टक्के. यातले सगळे खाली गेले असं नाही, बरेच वरही गेले. पण देशाच्या एकूण उत्पन्नातला या गटाचा वाटा ६२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आला, तो मला जास्त बोलका वाटतो.

‘लोक ऐपतीबाहेर जगले’ असं उत्तर तुम्हाला अनेक जण देतील. काही जगलेही. पण ऐपत तपासणं हे कर्ज देणाऱ्याचं काम असतं, आणि ते सोडून देण्याचे पैसे त्याला मिळत होते. ज्याच्या घराची जप्ती झाली त्याचा पतइतिहासही बिघडला, त्यामुळे घरं सगळ्यात स्वस्त होती तेव्हा त्याला कोणी कर्ज देईना. किमती पुन्हा वर आल्या तोवर तो भाड्याच्या घरात होता.