वस्तीतल्या मुलांची शाळा टिकवायची आहे? सुरुवात अशी करा

ताई, नागपुरात वस्तीतल्या मुलांसाठी वेळ द्यायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. आधी दोन-तीनच मुलं घ्या, पण त्यांना वर्षभर धरून राहा.

सगळ्यात महत्त्वाची हजेरी. मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी बाजाराचा दिवस बुडतो, मग आठवडा. सलग तीन दिवस दिसलं नाही की घरी जा, आई कामावरून परतल्यावर. "शाळेत का पाठवत नाही?" असं विचारूच नका. धाकट्याला कोण सांभाळतं, ते विचारा. बरेचदा अडचण तिथंच असते, आणि अंगणवाडीशी बोलून मार्ग निघतो.

कागदपत्रांना घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही किंवा दाखला यायला उशीर झाला, म्हणून तो नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांशी वाद नको. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:

- दप्तरं वाटून निघून येणं.
- मुलाची अडचण सगळ्या वर्गासमोर बोलणं. मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.
- वीटभट्टीवरची मुलं "पावसाळ्याआधी जातीलच" म्हणून सोडून देणं. तेवढे महिनेही त्यांच्या हक्काचेच आहेत!

मारहाण किंवा मजुरीचा संशय आला, तर एकट्यानं तपास करू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. बाकीचं पुढे सांगेन. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी वस्तीत एक फेरी मारून ठेवा.