मेथडिस्ट सासर, कॅथलिक माहेर: बाळाचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि घरची प्रार्थना

ताई, तुमचं माहेर वसईचं कॅथलिक, सासर मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचं, आणि बाळ चार महिन्यांचं. आमच्याकडे बाप्तिस्मा कसा होतो, प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, तुम्ही पुढे जावं का आणि दोन वळणांच्या घरात रोजची प्रार्थना कशी बसवावी, असं तुम्ही विचारलंय. मी मेथडिस्ट पाळक आहे, त्यामुळे आमच्या बाजूचं सांगतो. तुमच्या फादरांशीही जरूर बोला.

आमच्याकडे संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७८४ मध्ये इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीच्या ३९ धर्मकलमांतून अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी २४ कलमं निवडून दिली. पुढे त्यांत एकाची भर पडून २५ झाली. त्यांतच हे ठरलेलं आहे. दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह, पाळकाची दीक्षा हे विधी आम्ही मनापासून करतो, पण ख्रिस्ताने स्वतः नेमून दिलेले म्हणून धरतो ते हे दोन.

आता बाप्तिस्मा. ज्याला काही कळत नाही त्या बाळाला कशाला, हा प्रश्न तान्ह्यांना बाप्तिस्मा न देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथातल्या एखाद्या नातेवाइकाकडून ऐकायला मिळेलच. आमचं उत्तर असं की आपण देवाला शोधू लागण्याआधीच त्याची कृपा आपल्यापर्यंत आलेली असते. वेस्लीच्या शिकवणीचा हा कणा आहे. तान्ह्या बाळाने काहीच कमावलेलं नसतं, तरी त्याला कुशीत घेतलं जातं. कृपा म्हणजे काय हे याहून स्पष्ट दिसत नाही. म्हणून घाईही नको. बाप्तिस्म्याआधी बाळाला काही झालं तर त्याचं काय, या भीतीपोटी आम्ही पाणी घालत नाही. बाळ देवाचंच आहे.

तारखेच्या तीन-चार आठवडे आधी पाळकसाहेबांना भेटा, दोघांनी मिळून. आई-वडिलांपैकी किमान एक जण मंडळीचा सभासद असावा अशी साधारण अपेक्षा असते, ती तुमच्या यजमानांमुळे पुरी होते. जन्मदाखल्याची प्रत घेऊन जा आणि नोंदवहीत नाव अगदी त्याच अक्षरांत लिहवून घ्या. इथे फार चुका होतात. दाखल्यावर एक नाव, वहीत घरचं लाडाचं नाव, आणि पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी कागद जुळत नाहीत म्हणून धावपळ. नाव बाप्तिस्म्यात ‘ठेवलं’ जात नाही, ते बारशात ठेवून झालेलं असतं. पाळक ते नाव उच्चारून बाळाला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो, इतकंच.

हा विधी रविवारच्या उपासनेत, भरलेल्या मंडळीसमोर व्हावा. संध्याकाळी हॉलवर, केकच्या शेजारी उरकू नका. कारण प्रश्न तिघांना विचारले जातात. आई-वडिलांना: पापाचा त्याग करता का, ख्रिस्तावर विश्वास ठेवता का, या बाळाला त्या विश्वासात वाढवाल का? साक्षीदारांना, म्हणजे बाळाच्या धर्म-आईवडिलांना. आणि मग मंडळीला: या घराला साथ द्याल का? हॉलवर मंडळीच नसते, मग तिसरं उत्तर देणार कोण?

प्रत्यक्ष विधीची काळजी साधी आहे. पाणी कोमट, लिटरभर पुरतं. बाळाला तासभर आधी दूध पाजा. भुकेलं बाळ रडतं आणि नुकतंच प्यायलेलं ओकतं. टोपरं पुढे येण्याआधीच काढून ठेवा, नाहीतर बंदाची गाठ ऐन वेळी सुटत नाही. पाळक बाळाला डाव्या हातावर घेतो, डोकं कोपराच्या खोबणीत, मान किंचित मागे, आणि उजव्या तळव्यात मावेल एवढं पाणी टाळूवर मागच्या बाजूला सोडतो, म्हणजे ते डोळ्यांत न जाता केसांतून कुंडात उतरतं. बाळ सरळ धरलं की पाणी नाकावर येतं आणि बाळ दचकतं. मऊ पंचा आईच्या खांद्यावर तयार असू द्या. शिंपडणं, ओतणं, बुडवणं, तिन्ही पद्धती आम्हाला मान्य आहेत. तान्ह्यासाठी पहिल्या दोन.

एक लक्षात ठेवा, बाप्तिस्मा एकदाच. पाणी आणि त्रैक्याचं नाव असलं की तुमची कॅथलिक मंडळीही आमचा बाप्तिस्मा खरा मानते आणि आम्ही तुमचा स्नानसंस्कार. आजोळच्या समाधानासाठी वसईला पुन्हा करू नका. तिथे आभाराची प्रार्थना करून घ्या, ती कुणीही आनंदाने करील.

प्रभुभोजन बहुतेक मेथडिस्ट मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. लोक वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात, आधी भाकर, मग लहान प्याल्यात द्राक्षरस. वाइन नाही. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने रसाच्या भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून सालीवरचं यीस्ट मारलं आणि न आंबणारा रस प्रभुभोजनासाठी मिळू लागला. घरी करतानाही तेच तत्त्व. एका प्याल्याला सुमारे १० मिली धरा, म्हणजे शंभर जणांना एक लिटर, त्यासाठी दोन किलो काळी द्राक्षं बेताने पुरतात. देठ काढून, जेमतेम पाणी घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, हलकं दाबून फडक्यातून गाळा. बिया रगडल्या की रस तुरट होतो. गाळलेला रस पुन्हा वाफ येईपर्यंत तापवून उकळलेल्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तापवायचं राहिलं तर दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात. द्राक्षांचा हंगाम नसेल तेव्हा काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून गाळा. बाजारातलं रंगीत सरबत मात्र मला पटत नाही. द्राक्षवेलीचा उपज म्हटल्यावर तो द्राक्षाचाच असावा. भाकरीच्या जागी पातळ चपातीचे तुकडे चांगले, स्लाइस ब्रेडचा चुरा कठड्यावर सांडत राहतो. उरलेली भाकर आणि रस श्रद्धेने संपवावा किंवा मातीला द्यावा, मोरीत ओतू नये.

तुम्ही पुढे यावं का? आमचं मेज, म्हणजे प्रभुभोजन, सगळ्यांना खुलं आहे. जो प्रभूवर प्रीती करतो, मनापासून पश्चात्ताप करतो आणि शेजाऱ्याशी सलोख्याने राहू पाहतो त्याला बोलावणं आहे, पंथ विचारला जात नाही. पण तुमच्या मंडळीचा नियम कॅथलिकांना एरवी आमच्या मेजावर घेण्याची मुभा देत नाही, हे दडवणं बरोबर नाही. तुमचं मन त्या नियमाला बांधलेलं असेल तर सासूबाईंबरोबर कठड्यापर्यंत या, हात छातीवर जोडून ठेवा. पाळक आशीर्वाद देऊन पुढे जाईल. कोणाच्याही आग्रहाखातर घेऊ नका.

सासरच्या मंडळीच्या उपासनेत तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती मला सलते. ‘मी पात्र नाही’ म्हणून कितीतरी माणसं वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून अपात्रपणे खाण्यापिण्याबद्दल बजावलं ते का? तिथे काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब भाऊबंद उपाशी राहत. चूक मेजावर दुसऱ्याला विसरण्याची होती, स्वतः पापी असण्याची नव्हे. वेस्लीने १७८७ मध्ये छापलेल्या प्रवचनात ही अपात्रतेची सबब एकेक करून खोडून काढलीय. औषध आजाऱ्यासाठीच असतं. सलोख्याची अट मात्र खरी आहे आणि ती घरातच मोडते. म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी रात्री, दिवा मालवण्याआधी, नवरा-बायकोने आठवड्यातलं जे राहून गेलंय ते बोलून टाकावं. ‘माझं चुकलं’ एवढं म्हटलं तरी चालतं. ‘माझं चुकलं, पण तू...’ म्हटलं की सलोखा राहिलाच.

घरची प्रार्थना दहा मिनिटांची ठेवा. जेवण झाल्यावर, बाळ झोपायच्या आधी, टीव्ही आणि मोबाइल बंद. एका गीताची दोन कडवी, शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं, दोन मिनिटं प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, या गतीने सुमारे दोन महिन्यांत सोळा अध्याय होतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, वडीलधारे वाचनावर प्रवचन लावतात आणि वीस मिनिटांनी पोरं पेंगतात. दुसरं त्याहून वाईट: ‘देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे, उलट बोलण्याची सवय मोड’ अशी प्रार्थनेतून मुलाची कानउघाडणी. ते मूल मग डोळे मिटायलाच घाबरतं. रागवायचं ते तोंडावर रागवा, प्रार्थनेत त्याच्यासाठी आभार माना.

वेस्लीची आई सुझॅना हिची १९ पैकी १० मुलं जगली. एवढ्या रगाड्यातही तिने प्रत्येक मुलासाठी संध्याकाळ ठरवून दिली होती, जॉनची गुरुवारी, चार्ल्सची शनिवारी. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा लंडनला असताना तिच्या स्वयंपाकघरातल्या कौटुंबिक प्रार्थनेला शेजारीपाजारी येऊ लागले आणि संख्या दोनशेच्या घरात गेली. मेथडिस्ट वळण मुळात तिथलं. तुमचं बाळ एकच आहे; आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त त्याची, हे आतापासून जमेल.

राहिला दोन वळणांचा प्रश्न. तो तुम्हाला पहिल्याच रात्री प्रभूच्या प्रार्थनेत भेटेल. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून तुम्ही थांबाल आणि सासरचे ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव...’ असं पुढे म्हणत राहतील. गोंधळून जाऊ नका. ते शब्द तुमच्या मिस्सातही, म्हणजे कॅथलिक उपासनेतही, आहेत, फक्त मध्ये फादरांची छोटी प्रार्थना येते. सासरच्यांनी तिथे एक श्वास थांबावं आणि मग सगळ्यांनी मिळून शेवट म्हणावा. बाळ बोलायला लागेल तेव्हा त्याला तो श्वासही पाठ असेल.