लग्नाआधी एचआयव्ही चाचणी कायद्याने सक्तीची करावी का?

बहिणीचे लग्न ठरत असताना आपण विचारले आहे की, लग्नाआधीची एचआयव्ही चाचणी कायद्यानेच सक्तीची का नसावी आणि आजार लपवून जोडीदाराला संसर्ग देणाऱ्याला तुरुंगात का टाकू नये. आपली काळजी रास्त आहे. मी नऊ वर्षे एका जिल्ह्यातील चाचणी केंद्रात समुपदेशक होते. सुरुवातीला माझेही मत आपल्यासारखेच होते. केंद्रात येणाऱ्या बायकांनी ते बदलले.

गरोदरपणातील तपासण्यांमध्ये ही चाचणी होत असल्यामुळे पुष्कळ घरांत निदान आधी सुनेचे होते, आणि नवऱ्याची चाचणी त्यानंतर, बरीच मनधरणी केल्यावर होते. मग सासरी सरळ हिशेब मांडला जातो की, जिचा अहवाल आधी आला तिनेच आजार घरात आणला. अहवाल पदराखाली धरून 'आता घरी काय सांगू' असे विचारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कोणाकडून कोणाला लागण झाली हे नेहमीच्या चाचणीतून कळत नाही. त्यामुळे संसर्ग देण्याला कठोर शिक्षा ठरवणारा वेगळा कायदा आला, तर पहिली फिर्याद याच मुलींविरुद्ध होईल, अशी मला भीती वाटते.

सक्तीचा अनुभव आपल्या शेजारी गोव्याने घेतला आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळल्यावर त्याला पोलिसांकरवी नेऊन ६४ दिवस एकांतात ठेवले गेले, आणि तेही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे. त्याने कोणाचाही अपराध केला नव्हता. पुढे त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. अशी वागणूक पाहिल्यावर शेजारचा माणूस आपणहून चाचणीला जाईल का?

लग्नाआधीच्या सक्तीचा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये केला. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ७० हजार अर्जदारांमधून ८ जण बाधित आढळले. कित्येक जोडप्यांनी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्ने उरकली, आणि पुढच्याच वर्षी कायदा रद्द करावा लागला. शिवाय नुकत्याच झालेल्या संसर्गात काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे सरकारी शिक्क्याच्या कागदाने खोटी निश्चिंतीही येते.

आपल्याकडील २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतील तपासणी असे मोजकेच अपवाद आहेत. रक्ताची पिशवी तपासण्याला माझाही विरोध नाही, कारण तिथे तिसऱ्या माणसाचा जीव असतो. जोडीदाराचेही रक्षण हा कायदा करतो. बाधित व्यक्ती समजावूनही जोडीदाराला सांगणार नसेल आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, तर त्या व्यक्तीला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक ते सांगू शकतात; मात्र सांगितल्याने तिच्यावर, विशेषतः स्त्रीवर, मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची वेळ येईल असे वाटत असेल, तर सांगता येत नाही. हा अपवाद ज्याने लिहिला, त्याला आपली घरे ठाऊक असावीत.

जाणूनबुजून फसवून संसर्ग देणाऱ्याला शिक्षा व्हावी, हे मला मान्य आहे. त्यासाठी जीवघेणा रोग पसरवण्याविरुद्धची कलमे भारतीय न्याय संहितेत आहेतच (२७१ आणि २७२, पूर्वीची २६९ आणि २७०). मात्र स्वतःला लागण झाल्याचे ठाऊक नसलेल्या माणसाला शिक्षेचा धाक थांबवू शकत नाही. उलट, न कळलेलेच बरे, असे त्याला वाटू लागते. चाचणी करून, नियमित औषधे घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले आहेत, त्याच्याकडून शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणून माणसे चाचणीपर्यंत येणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

बहिणीसाठी सांगायचे तर, हा विषय मध्यस्थांकरवी किंवा बैठकीत काढू नका. तिने आणि त्या मुलाने आपसात बोलावे, आणि दोघांनीही सरकारी केंद्रात जाऊन चाचणी करावी. ती मोफत असते. जाण्याआधी काही विचारायचे असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. आधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोला, अहवाल ज्याचा त्याच्या हाती द्या, असे समुपदेशकाला सांगावे. त्यानंतर घरच्यांना काय सांगायचे, ते त्या दोघांनाच ठरवू द्या.