शुभवर्तमान पाठ झालंय, आता ऐकायचं कसं?

प्रश्न: माझं माहेर वसईचं, लग्नानंतर मडगावला. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दर रविवारी जाते, पण बायबलचं वाचन सुरू झालं की पुढचं सगळं पाठ असतं आणि मन भलतीकडेच जातं. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, लागला की दुसऱ्या वाक्याला माझ्या डोक्यात दुपारचं जेवण. इथे मिस्सा कोंकणीत असते, तर मराठी बायबल सोबत नेऊ का?

उत्तर: ताई, पाठ असणं वाईट नाही हो. पण आपल्याला बहुतेक वेळा गोष्टीचा सारांशच पाठ असतो, धाकटा मुलगा गेला, पैसे उडवले, परत आला, बापाने जवळ घेतलं, झालं. आता बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढा आणि आधी पहिली दोन वचनं वाचा. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परुशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे लोक, कुरकुर करतायत, आणि दाखला त्या कुरकुरीवर सांगितलाय, म्हणजे समोर ऐकायला धाकटे कमी नव्हते पण गोष्टीतल्या थोरल्या भावासारखेही होतेच, जो घरीच राबतो आणि धाकट्यासाठी मेजवानी दिली म्हणून रागावतो, नियमाने वागणारे, आपल्यासारखे!

मग बघा काय काय दिसायला लागतं. धाकट्याने वाटा मागितला तेव्हा बापाने दोघांनाही वाटून दिलं होतं, थोरल्याचा वाटा कुठे गेलाच नव्हता. धाकटा घरी येताना काय बोलायचं ते ठरवून निघतो, शेवटी म्हणणार असतो की मला एखाद्या मजुरासारखं ठेवा, पण बापासमोर ते वाक्य येतच नाही, त्याआधीच बाप झगा आणि अंगठी आणायला सांगतो. आणि हाच बाप भर मेजवानीतून उठून थोरल्यासाठी बाहेर येतो, त्याला विनवतो. थोरला आत गेला का? लूक सांगतच नाही. मला विचाराल तर जीव टांगणीला लागावा अशी ही जागा आहे, आणि आपण दरवेळी तिथे पोचायच्या आधीच ऐकणं सोडून देतो.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला प्रार्थना करताना प्रसंगात जाऊन उभं राहायला शिकवायचे, कोण दिसतंय, काय बोलतायत. तसं करा, पण एका वेळी एकाच माणसाजवळ. थोरल्याने आत काय चाललंय म्हणून ज्या नोकराला विचारलं ना, एखाद्या वेळी त्याच्याजवळ.

बायबलचं म्हणाल तर शनिवारी रात्री घरी मराठीतून वाचा, मोठ्याने, घरातलं कोणी ऐकायला बसलं तर फारच छान. चर्चमध्ये मात्र पुस्तक नको, तिथे फक्त कान. आपल्याकडे ही ऐकायची रीत जुनीच आहे, तुमच्या मडगावपासून जवळच्या रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलच्या कथा सांगणारं काव्य, छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये, जवळजवळ ११ हजार ओव्या, आणि गोव्यातले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये ते ऐकायचे.

रविवारची वाचनं ३ वर्षांच्या चक्राने फिरतात, त्यामुळे उधळ्या पुत्राची वाट बघत बसू नका, येत्या रविवारचं वाचन कोणतं ते आधीच बघून ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा. काय नवीन ऐकू आलं ते आम्हाला नक्की लिहा.